नाडी पाहिली

चष्म्याची दांडी सैल झाली होती, एवढंच काम होतं. दुकानदाराने स्क्रू पिळून दिला, तिने चष्मा नाकावर बसवला आणि तो सरळ बसलाय का हे समोरच्या आरशात बघत असताना तिला आपल्या खांद्यामागे एक माणूस हळूहळू खाली जाताना दिसला. साठी ओलांडलेला, फिकट निळ्या सदऱ्याचा माणूस. मघापासून आपला नंबर कधी येतोय याची वाट बघत बसला होता, बोलावल्यावर उठला, आणि उठता उठताच गुडघ्यांत मोडून खुर्ची आणि काउंटर यांच्यामध्ये आडवा झाला. कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. ती वळली, त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि मोठ्याने म्हणाली, "परिसर सुरक्षित आहे." वर्गात म्हणतात तसं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. दुकानातल्या चारदोन गिऱ्हाइकांनी गोंधळून परिसराकडे बघितलं. तिने त्या माणसाचे खांदे थोपटले, काका, ऐकू येतंय का म्हणून विचारलं, उत्तर आलं नाही, तशी हनुवटी वर करून दोन बोटं त्याच्या गळ्याच्या कडेला, नेमकी जिथे ठेवायची तिथे ठेवली. आणि मग तिने वर बघितलं. काउंटरच्या खालच्या अंगालाही आरसा लावलेला होता. त्यात तिला आपला चेहरा दिसला: भुवया किंचित वर, ओठ मिटलेले, नजर भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्याकडून नुकतीच उतरलेली. कुणीतरी आता काहीतरी सांगणार आहे आणि आपण ते ऐकून पुढच्या कामाला लागणार आहोत, असा चेहरा. बोटं त्या माणसाच्या मानेवर होती. बोटांखाली काय होतं हे तिला माहीत नव्हतं.

फार वेळ गेला नाही, दोन श्वास गेले असतील. दुकानदाराला वाटलं बाई पाणी शोधतायत, तो लगबगीने बाटली घेऊन आला. तेवढ्यात माणूस आपणहूनच कण्हला, डोळे उघडले, आणि सगळ्यांत आधी स्वतःची लाज वाटून हसला. सकाळी रक्त तपासायला द्यायचं होतं म्हणून उपाशी होता, मग इकडे आला, मग रांग. तिने त्याचे पाय खुर्चीवर ठेवायला लावले, दुकानदाराकडून बिस्किटं मागवली, घरी फोन करायला लावला. हे सगळं तिने व्यवस्थित केलं. लोक म्हणाले, डॉक्टर होत्या म्हणून बरं. एका बाईंनी तिचा हात हातात घेतला. ती सगळ्यांकडे बघून हसली, चष्मा पुसला आणि बाहेर पडली. कुणालाही काही कळलेलं नव्हतं. आरसा सोडला तर या गोष्टीला साक्षीदार नव्हता, आणि आरशाला कोण विचारतंय.

रस्त्याने चालताना तिने स्वतःची समजूत घालून बघितली. अचानक झालं. सवय नाही, आपण गेली कित्येक वर्षं रोगी बघत नाही, शिकवण्याचं शिकवतो. हे खरंच होतं. वैद्यकीय महाविद्यालयात तिचा विभागच त्यासाठी होता, डॉक्टर कसे घडवावेत यावर संशोधन करायचं, नवी पद्धत काढायची, ती जुनीपेक्षा चांगली आहे का हे आकड्यांनी दाखवायचं. पण समजूत पटेना. घाबरून बोटं थिजली असती तर गोष्ट वेगळी होती. ती घाबरली नव्हतीच. बोटं बरोबर जागी गेली होती. ती वाट बघत होती, आणि कशाची वाट बघत होती हे तिला फळांच्या गाड्यापाशी, वाहनं थांबायची वाट बघत उभी असताना लख्ख कळलं. ती आकाशवाणीची वाट बघत होती. सिग्नल बदलला, माणसं दोन्हीकडून तिला ओलांडून गेली आणि ती तिथेच राहिली.

आकाशवाणी म्हणजे तिच्या विभागातले एक सहकारी, शरीरक्रिया शिकवणारे, घोगऱ्या आवाजाचे सरळमार्गी गृहस्थ. हे नाव मुलांनी ठेवलेलं. मुलांनी तिलाही नाव ठेवलं होतं, टिकमार्क मॅडम, आणि प्रयोगशाळेतल्या रबरी माणसाला आप्पा. आप्पा किमती होता. त्याची छाती वरखाली व्हायची, त्याला घाम सोडून सगळं यायचं, पण पहिल्याच वर्षी त्याच्या मानेतली नाडी बिघडली. दुरुस्तीला माणूस येईपर्यंत काय करायचं, तर आकाशवाणींनी तोडगा काढला. मुलाने आप्पाच्या मानेवर बोटं ठेवली की भिंतीशी बसून ते सांगायचे, "नाडी लागत नाही." छातीला नळी लावली की, "डाव्या बाजूला श्वास कमी." मुलं ते ऐकायची आणि पुढची पायरी करायची. पुढे नाडी दुरुस्त झाली, पण तोडगा राहिला, कारण तो सोयीचा होता. परीक्षेत तर तो हवाच होता. परीक्षेला खोल्या मांडलेल्या असायच्या, एका खोलीत आप्पा, दुसऱ्या खोलीत पैसे देऊन आणलेली, रोग्याचं काम करणारी माणसं. विभागात त्यांना लाडाने सोंगाडे म्हणत. सोंगाड्याला छातीत दुखतंय असं कण्हता येतं, पण धडधाकट माणसाची नाडी बुडवणार कशी? मग आकाशवाणी. मुलाने हात योग्य जागी ठेवला, 'नाडी पाहतो आहे' असं म्हटलं, की तिच्या गुणपत्रिकेत 'नाडी पाहिली' या ओळीपुढे बरोबरची खूण व्हायची आणि भिंतीकडून निष्कर्ष यायचा. खूण कशाची होती? हात ठेवल्याची. म्हटल्याची. तिनेच ती ओळ लिहिली होती, आणि लिहिताना तिला ती निर्दोष वाटली होती, कारण दोन परीक्षक कधी वेगळी खूण करणार नाहीत इतकी ती नेमकी होती. एका परीक्षकाला एक दिसतं आणि दुसऱ्याला दुसरं, या जुन्या दुखण्यावर तिने काढलेला तो उपाय होता, आणि त्याचं बाहेरच्या परिषदांतही कौतुक झालं होतं. प्रत्यक्ष बोटांखाली काही लागलं का, हे त्या ओळीत कुठेच नव्हतं. एवढी वर्षं रोज बघूनही ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. नाकासमोरची वस्तू शेवटी सापडते म्हणतात ते काही उगीच नाही.

घराच्या जिन्यात ती नेहमीप्रमाणे न थांबता चढली, पण मन मागे, फार मागे, दुसऱ्याच एका जिन्यावर होतं. रुग्णालयाचा मागचा जिना, फिनेलचा वास, पांढरे कोट घातलेली वीसपंचवीस मुलं आणि पुढे सर. ती तेव्हा विद्यार्थिनी होती. वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी होती, तिचं यकृत वाढलेलं होतं आणि ते हाताला छान लागतं म्हणून सर खूश होते. "अशी केस परत मिळायची नाही," ते म्हणाले. एकेकाने पुढे व्हायचं, म्हातारीच्या पोटावर हात ठेवायचा, दाबायचं, मान डोलवायची, मागे व्हायचं. म्हातारी सुरुवातीला सगळ्यांची नावं विचारत होती. मग नुसतं बघायला लागली. मग तिने तोंड भिंतीकडे केलं. हिची पाळी शेवटून दुसरी. ती जवळ गेली तेव्हा म्हातारीच्या पोटावर बोटांच्या लाल खुणा होत्या आणि ती भिंतीला उद्देशून, अगदी हलक्या आवाजात म्हणत होती, "झालं का गं बायांनो? झालं का?" हिने हात मागे घेतला आणि सरांना सांगितलं, मी दाबणार नाही. सरांनी सगळ्यांदेखत तिला झापलं, डॉक्टर व्हायचंय की कवयित्री? तिला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते त्या आवाजाचं, कारण त्या आवाजात राग नव्हता. पुढे तिने जे जे केलं, आप्पा आणला, सोंगाडे आणले, पडद्यावर कापायचं आणि शिवायचं शिकवणारी यंत्रं आणली, त्या सगळ्याच्या मुळाशी ती भिंत होती. कुणाच्या दुखऱ्या पोटावर आता पंचवीस हात पडू नयेत. आप्पाला कितीही दाबा, तो कूस बदलत नाही. हे चांगलंच होतं. आजही चांगलंच आहे, ती कुलपात किल्ली फिरवताना स्वतःशी म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं म्हणूनच पुढचा विचार जास्त जड झाला.

पुढचा विचार शुक्रवारचा होता. शुक्रवारी डीनच्या दालनात बैठक होती आणि तिथे ती आपल्या तीन वर्षांच्या अभ्यासाचा निष्कर्ष मांडणार होती. दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या दोन तुकड्या केल्या होत्या. एक तुकडी वॉर्डात शिकली, जुन्या पद्धतीने, खाटेपाशी. दुसरी आप्पापाशी आणि सोंगाड्यांपाशी. शेवटी दोन्हींची एकच परीक्षा, तीच खोल्यांची, तीच गुणपत्रिका. आप्पाच्या तुकडीने वॉर्डाच्या तुकडीला लोळवलं होतं. फरक इतका मोठा की आकडेमोड करून देणाऱ्या मुलीने दोनदा तपासून बघितलं. डीन हरखले होते. वॉर्डात मुलांची गर्दी नको म्हणून वरिष्ठ डॉक्टर कधीचे कुरकुरत होते, रोग्यांच्या नातेवाइकांच्या तक्रारी होत्या, आणि आता हातात पुरावा आला होता: दुसऱ्या वर्षाचे वॉर्डाचे तास बंद करा, सगळं प्रयोगशाळेत. नव्या प्रयोगशाळेला मजला मिळणार होता आणि तो मजला तिच्या विभागाचा होणार होता. हे सगळं तिला हवं होतं. तिने त्यासाठी आयुष्य घातलं होतं, हे म्हणायला जरा नाटकी वाटतं, पण मोजून बघितलं तर तसंच निघालं असतं. आणि आता तिला आठवत होती वॉर्डाच्या तुकडीतली ती मुलं, जी बोटं ठेवून गप्प उभी राहायची. काही म्हणायचीच नाहीत. घंटा व्हायची, गुण जायचे. 'वेळेत पायरी पूर्ण केली नाही.' आकाशवाणी तेव्हा खोकून सुचवायचे, पुढे चला. ती मुलं गप्प उभी राहून काय करत होती, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता. तिला तर मुळीच नाही. तिच्या मते ती मुलं घाबरट होती.

नवरा शाळेत गणित शिकवतो. तो जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका पसरून बसला होता. तिने त्याला चष्म्याच्या दुकानातलं सगळं सांगितलं, आरशासकट. तो लाल पेन कानामागे खोचून ऐकत राहिला. माणूस उठला ना, मग झालं, असं म्हणून बघितलं, पण तिचा चेहरा बघून त्याने ते अर्ध्यावर सोडलं. मग म्हणाला की त्याच्याकडेही असली मुलं आहेत, ज्यांना पुस्तकाच्या पाठीमागे उत्तर असल्याशिवाय बेरीज सुरूच करता येत नाही, पण तो काय करू शकतो, पुस्तकं तो छापत नाही. "मी छापते," ती म्हणाली. यावर त्याने समजूत घालायचा आव आणला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला एवढं कळतं. तिने हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं. त्याने भुवई वर केली, "मेलो नाही अजून," म्हणाला आणि दुसऱ्या हाताने खुणा करत राहिला. ती डोळे मिटून बसली. सुरुवातीला काहीच लागलं नाही, नुसती कातडी, आणि कातडीखाली शीर की हाड ते कळेना. तिने बोटं थोडी सैल केली, जास्त दाबलं की हरवतं हे तिला आठवलं. कुणी शिकवलेलं हे तिला आठवेना, पण बोटांना ते माहीत होतं. मग हळूच ते आलं. आत कुणीतरी आपल्या कामात दंग असल्यासारखं, तिची दखल न घेता. किती तरी दिवसांत तिने हे ऐकलं नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. नवऱ्याने पान उलटलं आणि हात तिच्याकडे तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी ती डीनकडे गेली. अजून एक छोटी चाचणी घ्यायची आहे, दोन्ही तुकड्यांतली थोडी मुलं, एकच खोली, एवढंच ती म्हणाली. डीन शहाणे गृहस्थ होते, त्यांनी चहा मागवला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने सरळ सांगितलं की तिला शंका आहे, आपली परीक्षा जे मोजते ते आपल्याला मोजायचं होतं का याची. डीनना ते आवडलं नाही. आकडे तुमचे, पद्धत तुमची, मग घोडं पेंड कुठे खातंय, त्यांनी विचारलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिला आरशाचं नाव ऐकून हसू आलं, ते त्यांना उद्धट वाटलं असावं. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी तुम्ही हो म्हणालात तर तास बंद होतील. नाही म्हणालात तर हा विषय माझ्या कारकिर्दीत परत निघणार नाही, आणि तुमचा मजलाही. एवढं लक्षात ठेवून काय ती चाचणी घ्या." यात धमकी नव्हती. ते नुसतं खरं होतं.

आकाशवाणींना ती म्हणाली की उद्या तुम्ही बोलायचं नाही. ते दुखावले. मग मी करू काय, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, बसा, खुणा करा, बाकी खिडकीतून बाहेर बघा. ठरलेली सोंगाडी बाई सकाळी दात ठणकतोय म्हणून आलीच नाही, दुसरी कुणी ऐनवेळी मिळेना. मुलं बाहेर जमली होती. मग तिने कोट काढून खुंटीला लावला आणि स्वतःच खाटेवर आडवी झाली. आकाशवाणींनी चादर गळ्यापर्यंत ओढून दिली आणि संकोचून म्हणाले की रोग काय धरायचा? तिने सांगितलं, काहीच नाही, धडधाकट बाई, मुलांनी हातात हात घ्यायचा आणि जे लागेल ते सांगायचं. त्यांनी कागदावर 'नाडी: नियमित, सर्वसाधारण' असं लिहून घेतलं. अपेक्षित उत्तर आधी लिहायचं हा तिचाच नियम होता.

खाटेवरून खोली वेगळी दिसते. इतकी वर्षं ती या खोलीत उभी राहिली होती आणि छतावर ओलीचा एवढा मोठा डाग आहे हे तिला माहीत नव्हतं. दिव्याच्या नळीत मेलेले किडे होते. उशीला रबराचा, आप्पाचा वास येत होता. दार उघडायचं, पावलं यायची, आणि मग वरून एक चेहरा वाकायचा, आधी हनुवटी, मग नाकपुड्या, मग सभ्यपणे वळवलेले डोळे. मुलं तिला बघून दचकायची; टिकमार्क मॅडम चादरीत. पहिल्या मुलाचा हात गार आणि ओलसर होता, औषधी साबणाचा वास येणारा. त्याने तिचं मनगट धरलं, "नाडी पाहतो आहे," म्हणाला, आणि मान वर करून भिंतीकडे बघितलं. आकाशवाणी ठरल्याप्रमाणे खिडकीतून बाहेर बघत होते. मुलगा थांबला. त्याची बोटं तिच्या मनगटावर होती आणि तो तिथे नव्हता. तिला ते कातडीवरून स्पष्ट कळत होतं, रिकाम्या घराची घंटा वाजवून बाहेर उभं राहावं तसं. थोड्या वेळाने त्याने स्वतःशीच काहीतरी ठरवलं आणि म्हणाला, "बहात्तर. नियमित." पुस्तकात बहात्तर असतं. बरोबरची खूण. पुढची मुलगी, तसंच. बहात्तर, नियमित. तिच्यापुढचा, त्याच्यापुढची. कुणी अठ्ठ्याहत्तर म्हणालं आणि तिला बरं वाटलं, निदान वेगळं तरी काही. पण वर सगळ्यांनीच बघितलं. तिने सुरुवातीला ठरवलं होतं की वॉर्डाची मुलं वर बघणार नाहीत, आणि मग शुक्रवारी सांगणं सोपं होईल, जुनं ते सोनं, चला परत खाटेपाशी. तसं काही होईना. वॉर्डाची मुलंही वर बघत होती. त्यांनीही याच खोल्यांत परीक्षा दिली होती, गुण कुठे जातात हे त्यांनाही एकदा कळलं होतं, आणि हुशार मुलांना एकदा कळलेलं पुरतं. म्हणजे आप्पाने नव्हतं बिघडवलं. वॉर्डाने नव्हतं शिकवलं. शिकवलं होतं तिच्या गुणपत्रिकेने, दोन्ही तुकड्यांना सारखंच, आणि मुलं ते उत्तम शिकली होती. ती आडवी पडून छतावरच्या डागाकडे बघत राहिली. तिला राग आला नाही. एक प्रकारचा थकलेला स्वच्छपणा वाटला, ताप उतरल्यावर वाटतो तसा. एकामागून एक हात येत होते, तिचं मनगट धरत होते, ठेवत होते. आता तिला ते हात मोजावेसेही वाटेनात. झालं का, असं एकदा तिच्या अगदी ओठांवर आलं.

शेवटीशेवटी एक मुलगा आला, काटकुळा, चष्म्यावर बोटांचे ठसे असलेला. कुठल्या तुकडीतला ते तिला ठाऊक नव्हतं. त्यानेही मनगट धरलं, त्यानेही वर बघितलं. आकाशवाणी खिडकीबाहेर. त्याने खाली बघितलं, मग परत वर, आणि मग निरुपायाने, दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही म्हणून, त्याने आपल्या बोटांकडे लक्ष दिलं. हे नेमकं कधी झालं ते तिला कळलं, कारण त्याची बोटं एकदम जड झाली आणि मग हलकी. त्याने बोटं तशीच राहू दिली. आकाशवाणींना खाकरावंसं वाटलं, ते त्यांनी आवरलं.

"बहात्तरच्या जवळपास आहे," मुलगा म्हणाला. "पण सारखी नाहीये, मॅडम. मधेच एखादा ठोका चुकतो."

आकाशवाणींनी सहानुभूतीने मान हलवली आणि कागदावर चुकीची फुली मारली. तिने मान वळवली तेव्हा ती फुली पडताना तिला दिसली, लाल, नीटस, तिच्याच नियमाप्रमाणे. मुलाने ती फुली पाहिली. त्याचा चेहरा पडला, त्याने हात मागे घेतला आणि "सॉरी, नियमित," म्हणाला. तो निघालाच होता.

"थांब," ती म्हणाली.

चादरीखाली तिने आपला उजवा हात डाव्या मनगटावर नेला. तिने चाचपलं. ठोके लागले. लागले, आणि मग एका जागी, जिथे एक यायला हवा होता, तिथे काही नव्हतं. की तिला तसं वाटलं? तिने किती दिवसांत स्वतःची नाडी पाहिली नव्हती? डॉक्टर स्वतःची नाडी बघत नाहीत, ती नेहमी दुसऱ्याला असते. ती घाबरली. अगदी साधं, उघडं घाबरणं, कुणाही आडव्या पडलेल्या बाईचं. एवढ्या सगळ्या मुलांनी हे मनगट धरलं होतं. एवढ्या सगळ्यांनी ते नियमित आहे म्हणून सांगितलं होतं आणि प्रत्येकाला बरोबरची खूण मिळाली होती.

मुलगा दाराशी तसाच उभा होता. "चुकलं का, मॅडम?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिने या खोलीत आधी कधी उच्चारलं नव्हतं. "इकडे ये. परत बघ."

तो परत आला. त्याने मनगट हातात घेतलं आणि सवयीने भिंतीकडे बघितलं. आकाशवाणी आता खिडकीतून बाहेर बघत नव्हते. ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते, पेन हातातच होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. त्यांनी फुली खोडायला पेन कागदावर टेकवलं. ती म्हणाली, "खोडू नका. तशीच राहू द्या. उद्या डीनना तोच कागद दाखवायचाय." त्यांनी पेन खाली ठेवलं. आपला मजला गेला, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तो किती शांतपणे गेला याचं तिला नवल वाटलं.

मुलाने डोळे मिटून घेतले होते. त्याच्या कपाळावर आठी होती आणि ओठ नकळत हलत होते. तो मोजत होता. ती खाली पडून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे, चष्म्यावरच्या ठशांकडे. तो काय सांगेल ते या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. तिला त्याला घाई करायची नव्हती.